ट्रेकला जाताना लोकेशन कसं कळवावं, आणि घरच्यांनी तो ठिपका कसा वाचावा

पावसाळा लागला की शनिवारी पहाटे सॅक पाठीला लावणाऱ्या प्रत्येकाला घरून एक वाक्य ऐकू येतंच: "लोकेशन टाकून ठेव." तो टाकतोही. व्हॉट्सअ‍ॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू करतो आणि फोन खिशात ठेवतो. दुपारी बारा वाजता घरी दिसतं की ठिपका सकाळी नऊपासून पायथ्याच्या गावापुढच्या एकाच वळणावर थांबलाय. फोन लागत नाही. पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात गट मजेत वर चढत असतो, फक्त त्या वळणापुढे रेंज नसते.

या घोळाचं मूळ म्हणजे जागा कळणं आणि जागा कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपण विसरतो. पहिलं काम उपग्रहांच्या भरवशावर चालतं. फोन तिथे फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. त्याला सिमकार्ड लागत नाही, रेंज लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. दुसरं काम मात्र पूर्णपणे मोबाइल टॉवरवर अवलंबून आहे. सह्याद्रीत पहिलं बहुतेक ठिकाणी होतं, दुसरं कुठे होईल याचा नेम नाही. म्हणून दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते.

आधी कळण्याबद्दल.

आपण सगळ्यालाच जीपीएस म्हणतो, पण ते अमेरिकेच्या यंत्रणेचं नाव. आजचे फोन त्यासोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदू आणि काही फोन आपलं नाविकसुद्धा ऐकतात. उघड्या आभाळाखाली साधा फोन पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवतो. पण ती सापडायला वेळ लागतो, आणि इथे पहिली चूक होते. उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती तो स्वतःच सांगत असतो, पण इतक्या सावकाश की ती पूर्ण ऐकायला जीपीएसच्या बाबतीत साधारण ३० सेकंद लागतात, तेही मध्ये खंड पडला नाही तर. शहरात हीच माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात उचलतो, म्हणून तिथे ठिपका लगेच येतो. रेंज नसलेल्या जंगलात, झाडांच्या दाटीखाली, लोकेशन पहिल्यांदाच चालू केलं तर पाच-पाच मिनिटं काहीच दिसत नाही आणि माणूस फोन बिघडला असं समजतो. उपाय सोपा आहे. पायथ्याच्या गावात, रेंज असताना, उघड्यावर उभं राहून लोकेशन चालू करा, नकाशावर निळा ठिपका स्थिर होऊ द्या आणि मगच फोन फ्लाइट मोडवर टाका. ती माहिती दोन-चार तास कामाला येते. फ्लाइट मोडवर लोकेशन बंद पडत नाही. शंका असेल तर घराच्या गच्चीवर करून बघा.

कड्याखाली आणि घळीत मात्र फोनचं ऐकणं बिघडतं. सांदण दरीसारख्या अरुंद फटीत वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते, त्यामुळे मोजकेच उपग्रह सापडतात आणि त्यांचे संदेशही कातळावर आपटून, वळसा घेऊन येतात. वळसा म्हणजे उशीर. उशीर म्हणजे फोनच्या हिशोबात जास्त अंतर. ठिपका मग दरीच्या बाहेर, पन्नास-शंभर मीटरवर उड्या मारायला लागतो. एल-१ आणि एल-५ अशा दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन इथे पुष्कळ बरे पडतात. तुमचा फोन त्यातला आहे का, हे अँड्रॉइडवर 'जीपीएसटेस्ट' नावाच्या अ‍ॅपमध्ये कळतं. प्रत्येक उपग्रहापुढे फ्रिक्वेन्सी लिहिलेली दिसते.

लोकेशन पाठवण्याआधी एक आकडा बघण्याची सवय लावून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'सेंड युअर करंट लोकेशन' या ओळीखाली बारीक अक्षरात अचूकता लिहिलेली असते, इतक्या मीटरपर्यंत म्हणून. उघडल्या उघडल्या तिथे कधी १,४०० मीटर दिसतं, कारण त्या क्षणी फोन टॉवरवरून अंदाज बांधत असतो. आभाळ दिसेल असा फोन धरून अर्धा मिनिट थांबलं की तोच आकडा ३०, मग १२, मग ६ वर येतो. २० च्या खाली आल्याशिवाय पाठवू नका. चौदाशे मीटरच्या वर्तुळात दोन धारा आणि एक दरी सहज बसते, शोधणारा कुठून सुरुवात करणार?

हा आकडा कितीही थांबलं तरी उतरत नसेल तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला 'प्रिसाइज' म्हणजे नेमकं की 'अ‍ॅप्रॉक्झिमेट' म्हणजे अंदाजे लोकेशन द्यायचं, हे वेगळं ठरवता येतं. कुणीतरी कधीतरी 'अंदाजे' दाबून ठेवलेलं असतं, आणि मग ठिपका एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे दाखवत राहतो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, परमिशन्स, लोकेशन अशा वाटेने जा आणि 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू करा. लाइव्ह लोकेशनसाठी 'अलाऊ ऑल द टाइम' हेही लागतं, नाहीतर स्क्रीन बंद झाली की ठिपका थांबण्याची शक्यता असते.

आता कळवण्याकडे येतो. इथे खरी मेख आहे.

लाइव्ह लोकेशन रस्त्यासाठी चांगलं. पुण्याहून किंवा मुंबईहून पहाटे निघालात की सुरू करा आणि पायथ्याला पोचलात की बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. आठ तास संपले की ते आपोआप थांबतं आणि पुन्हा सुरू करायला तुम्हीच लागता, म्हणजे सकाळी सहाला सुरू केलेलं दुपारी दोनला, नेमकं उतरायच्या वेळी, संपलेलं असतं. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग त्या मानाने मला जास्त उपयोगाचं वाटतं. वर उजवीकडे आपल्या फोटोवर बोट ठेवा, 'लोकेशन शेअरिंग', मग 'न्यू शेअर', मुदत निवडा, माणूस निवडा. 'तुम्ही बंद करेपर्यंत' अशीही मुदत तिथे आहे. आणि त्यात एक मोठी सोय आहे: समोरच्याला तुमच्या फोनची बॅटरी किती टक्के उरली हेही दिसतं. त्याचं मोल पुढे सांगतो.

गडावर मात्र लाइव्ह लोकेशन चालू ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेंज कमी असली की फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत राहतो, आणि बॅटरी संपवणारं मोठं काम हेच असतं. उपग्रह ऐकण्याला त्यामानाने कमी लागते. गडावर फोन फ्लाइट मोडवर हवा आणि कळवण्याच्या जागा आधी ठरलेल्या हव्यात: पायथ्याचं गाव, वाटेतली खिंड किंवा पठार, माथा, आणि परत पायथा. धारेवर आणि माथ्यावर दूरच्या गावांचे टॉवर सरळ नजरेत येतात म्हणून रेंज मिळण्याची शक्यता जास्त असते. ओढ्यात, घळीत आणि दाट रानात ती जवळजवळ नसतेच. ठरलेल्या जागी फ्लाइट मोड काढा, दोन मिनिटं थांबा, निरोप पाठवा, परत टाका.

निरोप कशाने पाठवायचा? साध्या एसएमएसने. इंटरनेट चालत नाही अशा अर्ध्या कांडीच्या रेंजमध्येही एसएमएस बहुधा जातो, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र घड्याळाचं चिन्ह फिरत बसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा अडकलेला निरोप तासाभराने दुसऱ्याच जागेवरून सुटतो, तेव्हा घरच्यांना तो आत्ताचा वाटतो. म्हणून निरोप कोणताही असो, त्यात वेळ स्वतः लिहा.

एसएमएस देवनागरीत लिहिला तर एका संदेशात ७० अक्षरं मावतात, रोमन लिपीत १६०. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात आणि कच्च्या रेंजमध्ये एखादा तुकडा मागे राहतो. एरवी मराठी देवनागरीतच लिहावी या मताचा मी आहे, पण इथे रोमन लिपी वापरा आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाका. मराठी अंकांतले आकडे नकाशाच्या शोधपेटीत नीट चालतीलच असं नाही.

ते आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, मिळवायचे कसे? गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याच्या जागी बोट दाबून धरा, लाल पिन पडते आणि आकडे वर शोधपेटीत किंवा खालच्या पट्टीत येतात. आयफोनच्या कंपास अ‍ॅपमध्येही ते तळाशी असतात आणि रेंज नसताना दिसतात. पण एक मोठा फरक आहे. गूगल मॅप्स दशांशात आकडे देतं, कंपास अंश-मिनिट-सेकंदात. कळसूबाईचं शिखर दशांशात १९.६०११, ७३.७०९२ आहे. तेच अंश-मिनिट-सेकंदात १९ अंश ३६ मिनिटं ४ सेकंद, ७३ अंश ४२ मिनिटं ३३ सेकंद. आता घाईत कुणी फोनवर "एकोणीस, छत्तीस, शून्य चार" सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १९.३६०४, ७३.४२३३ लिहून घेतलं, तर पिन सुमारे ४० किलोमीटर नैर्ऋत्येला, घाट उतरून खाली मुरबाड-शहापूरच्या बाजूला पडते. अकोले तालुक्यातलं बारी गाव कुठे आणि हे कुठे! म्हणून घरात आणि गटात एकच पद्धत ठरवा: दशांश. चार दशांश स्थळं म्हणजे साधारण ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटरच्या आसपास. त्यापुढचे आकडे लिहून काही मिळत नाही. आकडा बरोबर आहे का हे झटकन तपासायचं तर महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ मध्ये आणि दुसरा ७२ ते ८१ मध्ये येतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, ती चूक निदान लगेच लक्षात येते.

आणखी एक गोष्ट नकाशावरचा ठिपका कधीच सांगत नाही: वर की खाली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच कड्याच्या तळाशी, बेलपाड्याच्या बाजूला असलेला माणूस, दोघांचे ठिपके नकाशावर अगदी शेजारी दिसतील. प्रत्यक्षात मध्ये शेकडो मीटरचा कातळ आहे. वरच्याकडे पाचनईहून जायचं, खालच्याकडे बेलपाड्याहून. मदत चुकीच्या बाजूने निघाली तर अख्खी रात्र जाते. म्हणून आकड्यांसोबत शब्द हवेतच: "कड्याच्या वर, टाक्याजवळ", "नळीच्या वाटेत, खालून अर्ध्यात".

फोनमधल्या उंचीवर विसंबायचं तर तिचा दोष माहीत हवा. उपग्रह जी उंची सांगतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात त्या दोहोंत साठ ते सत्तर मीटरचा फरक पडतो. ज्या अ‍ॅपमध्ये ही दुरुस्ती केलेली नसते ते १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर १,५८० च्या आसपास दाखवतं. पाटीवरची उंची माहीत असलेल्या एखाद्या ठिकाणी आपलं अ‍ॅप एकदा तपासून ठेवा.

कळवण्याइतकंच चाललेली वाट नोंदवणंही महत्त्वाचं, कारण धुक्यात परतीची वाट ती नोंदच दाखवते. गूगल मॅप्सचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना ते गाडीचीच वाट सांगतं, पायी चालण्याची नाही. गडवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप घ्या, महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवा. ऑस्मअँडमध्ये 'ट्रिप रेकॉर्डिंग' चालू करून दर पाच सेकंदांना एक बिंदू ठेवला तर आठ तासांत ५,७६० बिंदू होतात आणि फाइल एखाद्या एमबीच्या आसपास राहते. जागेची चिंता नको.

नोंदणीचा घात करते फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा. स्क्रीन बंद झाली की मागे चालणारं अ‍ॅप ती गुपचूप बंद करते. त्या अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा, काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ही चालू करावं लागतं, आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत त्याला कुलूप लावा. मग घराभोवती अर्धा तास स्क्रीन बंद ठेवून चालून बघा. रेषा सलग आली तर जमलं. मध्येच इमारतींवरून आरपार सरळ रेघ गेली असेल तर तेवढा वेळ अ‍ॅप झोपलेलं होतं.

हीच सरळ रेघ दुसऱ्याच्या ट्रॅकमध्येही, म्हणजे त्याने नोंदवलेल्या वाटेतही, ओळखायला शिका. इंटरनेटवरून घेतलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये (असा ट्रॅक याच फाइलमध्ये साठवतात) दोनशे-तीनशे मीटरचा सरळसोट, वळण नसलेला तुकडा दिसला तर तिथे वाट नाही, तिथे नोंद तुटलेली आहे. सह्याद्रीतल्या खऱ्या वाटा इतक्या सरळ जात नाहीत. आणि तो ट्रॅक कुठल्या महिन्यातला हे बघा. जानेवारीत कोरडा ओढा ओलांडणारी रेष जुलैत तुम्हाला पुरात नेऊन उभी करेल. आडव्या वाटेवर, एका बाजूला दरी असताना, रेषेपेक्षा पायाखालची मळलेली वाट खरी मानायची. फोनची दहा मीटरची चूक तिथे जिवावर येते.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, तरी फोनमध्ये त्यातलं सहा-साडेसहा हजारच पोचतं. आतल्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना आकडा घटतो आणि वर थोडी उष्णता जाते. म्हणजे ५,००० च्या फोनला एक पूर्ण चार्ज आणि थोडं वर. केबल ओली झाली तर तेही नाही, म्हणून केबल आणि बँक एकाच झिपच्या पिशवीत ठेवा.

आता घरच्यांसाठी. हा भाग ट्रेकरने घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

ठिपका बघण्याआधी त्याची वेळ बघा. 'अपडेटेड' शब्दापुढे किती मिनिटं किंवा तास लिहिलेत? दोन मिनिटं असतील तर तो माणूस तिथे आहे. तीन तास असतील तर तो तीन तासांपूर्वी तिथे होता, एवढंच आपल्याला माहीत आहे. मग बॅटरी बघा. शेवटच्या खबरीला ६५ टक्के बॅटरी होती आणि ठिपका गडाच्या वाटेवर थांबला, तर बहुधा फोन फ्लाइट मोडवर किंवा रेंजबाहेर आहे, काळजीचं कारण नाही. शेवटी ४ टक्के होती तर फोन बंद पडलाय, त्या फोनवर वीस वेळा रिंग करण्याऐवजी गटातल्या दुसऱ्या माणसाला लावा. ठिपका क्षणात तीन किलोमीटर उडी मारून परत येत असेल तर तो टॉवरचा अंदाज आहे, माणूस धावत नाहीये. आणि काही गडबड वाटली तर सर्वांत आधी स्क्रीनशॉट काढा, ज्यात वेळ आणि जागा दोन्ही दिसतील. शेअरिंगची मुदत संपली की हे पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

काळजी कधी सुरू करायची ही वेळ निघण्याआधीच ठरवा. जुलैत आपल्याकडे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. पाच वाजता पायथ्याला पोचणार असाल तर "आठपर्यंत निरोप नाही आला तर फोन फिरवायला लागा" असं सांगून निघा. आधी पायथ्याच्या गावात, जिथे जेवण सांगितलंय किंवा गाडी लावलीय त्या घरी. वाट त्यांनाच माहीत असते आणि गट उतरला की नाही हेही. मग ११२. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या. फ्रिजवर एक कागद हवा: गडाचं नाव, चढायची आणि उतरायची वाट, किती जण, गाडीचा नंबर, दोन सोबत्यांचे फोन, गावातला फोन. अ‍ॅप कितीही चांगलं असो, हा कागद बॅटरीवर चालत नाही.

ट्रेकरच्या फोनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसत असेल तर आपल्या कंपनीचा नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर सापडलेला असतो. त्यावरून ११२ लागू शकतो, सोडू नका.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मंडळींना एक सावधगिरी. तिकडे डोंगरात सर्रास वापरलं जाणारं गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय वापरायला बंदी आहे, विमानतळावरच अडचण येते. ते घरीच ठेवून या.

परत आल्यावर शेअरिंग बंद करायचं राहून जातं, आणि 'तुम्ही बंद करेपर्यंत' ही मुदत महिनोन्महिने चालू राहते. गूगल मॅप्समध्ये त्याच 'लोकेशन शेअरिंग'मध्ये जाऊन प्रत्येक नावावर बोट ठेवा आणि 'स्टॉप' दाबा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन इथे चालू असलेली यादी मिळते. ट्रॅक कुठे टाकणार असाल तर घरापासूनचा पहिला आणि शेवटचा तुकडा कापून टाका. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून लष्करी तळ उघडे पडले होते, आपल्या दाराचा पत्ता तर त्याहून सहज कळतो. आणि घरातल्या कुणाच्या फोनमध्ये त्याला न सांगता असं काही चालू करून ठेवलं असेल, मुलगी असो, बायको असो की म्हातारे वडील, तर आजच त्यांच्यासमोर फोन घेऊन बसा आणि ते चालू ठेवायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.